वगळण्याची ओळ

ऑफिसात त्यांना गाठोडेबाई म्हणत. हे नाव एका वात्रट प्रोग्रामरने ठेवलं होतं. तो पुढे नोकरी सोडून गेला, नाव मात्र मागे राहिलं. बाईंना त्याचा राग कधी आला नाही, कारण त्यांचं काम खरोखरच गाठोडी बांधण्याचं होतं.

कंपनी ब्रेल प्रिंटरसाठी सॉफ्टवेअर बनवायची. जाड कागदावर ठिपके उठवणारं ते यंत्र, आणि कुठे किती ठिपके उठवायचे हे त्याला सांगणारा हा प्रोग्राम. प्रोग्रामच्या सगळ्या फाइली एका रेपोत ठेवलेल्या होत्या. कोणी, कोणत्या दिवशी, कोणती ओळ बदलली आणि का बदलली, याची एकोणीस वर्षांची नोंद त्यात होती. नवी आवृत्ती तयार झाली की बाई रेपोतून त्या आवृत्तीच्या फाइली घ्यायच्या, मागचा इतिहास तिथेच ठेवायच्या आणि आजचा संसार तेवढा एका आर्काइव्ह फाइलीत बांधायच्या. मग आतल्या फाइली मोजायच्या, आकडा वहीत लिहायच्या आणि ते गाठोडं शाळांसाठी वेबसाइटवर ठेवायच्या.

शाळांना प्रोग्राम नुसता चालवायला मिळत नसे, त्याचा आतला कोडसुद्धा मिळे. कंपनी सुरू करताना एका ट्रस्टने मदत केली होती, ती याच अटीवर: अंधांच्या प्रत्येक शाळेला प्रत्येक आवृत्तीचा संपूर्ण कोड द्यायचा, म्हणजे उद्या कंपनी राहिली न राहिली तरी शाळेचं यंत्र अडणार नाही. म्हणून प्रत्येक गाठोड्याबरोबर एक दाखला जाई. ‘या आवृत्तीत जे आहे ते सगळं यात आहे.’ दाखल्याखाली बाईंची डिजिटल सही. चौदा वर्षांत बासष्ट गाठोडी बांधून झाली होती आणि एकही परत आलं नव्हतं. बाईंना या गोष्टीचा अभिमान होता. त्या तो बोलून दाखवत नसत, पण नवीन कोणी नोकरीला आलं की वही त्याच्यासमोर उघडी राहील अशी काळजी घेत.

त्रेसष्टाव्या गाठोड्याला तीन आठवडे झाले असतील. एका मंगळवारी सकाळी ठिपकेमास्तरांचा फोन आला. ते एका शाळेचा छापखाना सांभाळत. जन्मापासून दिसत नसल्यामुळे ते प्रत्येक गोष्ट मोजत: जिन्याच्या पायऱ्या, कागदाचे ताव, समोरच्याच्या बोलण्यातले ‘बघू’.

“ताई, यावेळचं गाठोडं हलकं आहे,” ते म्हणाले.

मागच्या वेळी चारशे बारा फाइली होत्या, या वेळी तीनशे एकाहत्तर भरल्या. प्रोग्राम चढवला तर तो म्हणतो, हे यंत्र मी ओळखत नाही. आणि मागच्या आवृत्तीवर परत जावं, तर यंदाची पाठ्यपुस्तकं नव्या प्रकारच्या फाइलींत आलेली, ती जुन्या आवृत्तीला वाचता येत नाहीत. मुलांची परीक्षा सहा आठवड्यांवर आली होती. बाईंना जरा रागच आला. फाइल उतरवताना मध्येच तुटली असेल, पुन्हा उतरवून बघा, असं त्यांनी सांगितलं.

“सही तपासली मी. बरोबर आहे,” मास्तर शांतपणे म्हणाले. “म्हणजे तुम्ही जे बांधलंत तेच माझ्यापर्यंत पोचलंय.”

सही जुळली म्हणजे वाटेत कोणी काही काढलेलं नाही. वजा झालं असेल तर ते बाईंच्याच हाताखालून. बघते म्हणून त्यांनी फोन ठेवला आणि वही उघडली. त्रेसष्टाव्या आकड्यापुढे त्यांच्याच अक्षरात ३७१ लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांना तापाची कणकण होती, आणि वरच्या ओळीतला ४१२ बघायचं राहून गेलं होतं. चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच न बघता सही केली होती.

त्यांनी गाठोडं पुन्हा बांधून पाहिलं. पुन्हा तीनशे एकाहत्तर. मग त्या रेपोत शिरल्या. जुने प्रिंटर चालवायला लागणारा ‘जुनी यंत्रं’ नावाचा फोल्डर जागच्या जागी होता आणि आतल्या एक्केचाळीस फाइली सुखरूप होत्या. कोणी काहीच पुसलेलं नव्हतं. कपाटात सामान आहे, बॅग भरणाराही तोच आहे, आणि बॅगेत ते सामान येत नाही, असा तो प्रकार होता.

रेपोत एक छोटीशी फाइल असते. आर्काइव्ह बांधताना काय वगळायचं ते तिच्यात लिहून ठेवता येतं. प्रोग्रामरांची कच्ची टिपणं वगैरे पाहुण्यांसमोर जाऊ नयेत म्हणून ती सोय. बाईंच्या माहितीप्रमाणे तिच्यात चार ओळी होत्या. आता पाच होत्या. पाचव्या ओळीत ‘जुनी यंत्रं’ हा फोल्डर वगळायला सांगितलं होतं. ओळ पाच आठवड्यांपूर्वी घातलेली. बदलाचं कारण म्हणून दोनच शब्द लिहिले होते: ‘किरकोळ साफसफाई.’

आणि नाव होतं सबुरींचं.

सबुरी हेही ऑफिसातलं टोपणनावच. कोणी तावातावाने बोलायला लागलं की ते म्हणत, जरा सबुरीनं घ्या. ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. बाई टायपिस्ट म्हणून लागल्या तेव्हा याच माणसाने शेजारी खुर्ची ओढून त्यांना रेपो म्हणजे काय ते शिकवलं होतं. तो ‘जुनी यंत्रं’ फोल्डरही सबुरींनीच लिहिला होता. दोन वर्षं त्यांच्या टेबलावर एक जुना ब्रेल प्रिंटर खडखडत असायचा. त्याच्या आवाजाने मागच्या टेबलावरचे लोक कानात बोळे घालून बसत, आणि एकदा त्या यंत्राने सबुरींच्या करंगळीवरच तीन ठिपके उठवले होते. म्हणजे ज्याने पोर वाढवलं त्यानेच त्याला बाहेर काढून कडी लावली होती.

बाई त्यांना चहाच्या मशीनपाशी गाठून म्हणाल्या, पाचवी ओळ तुमची आहे. सबुरींनी कपात बघत मान हलवली. साहेबांनी सांगितलं होतं, ते म्हणाले. नवीन प्रिंटर विकायचाय. जुनी यंत्रं चालत राहिली तर नवीन कोण घेणार. पण फोल्डर पुसला तर बोंब होईल, म्हणून ही युक्ती. पुसलेलं काहीच नाही, फक्त बाहेर जात नाही.

“तुम्ही ‘नाही’ का म्हणाला नाहीत?”

“निवृत्तीला नऊ महिने राहिलेत माझ्या,” सबुरी म्हणाले. “पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?”

बाईंना राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती. सबुरींनी ओळ घातली हे खरं, पण ‘सगळं यात आहे’ या वाक्याखाली सही सबुरींची नव्हती.

साहेब दीड वर्षापूर्वी आले होते. बोलायला अतिशय गोड. ‘तुम्ही’ ऐवजी ते नेहमी ‘आपण’ म्हणत, त्यामुळे कुठल्या कामात स्वतः साहेब आहेत आणि कुठल्यात नाहीत हे शेवटपर्यंत कळत नसे. त्यांनी बाईंना बसायला सांगितलं, सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाले, “आपण काहीही काढलेलं नाही, बाई. रेपोत सगळं आहे.”

“रेपो शाळांना दिसतो?”

“नाही.”

“मग शाळांच्या दृष्टीने ते कुठे आहे?”

साहेबांनी खुर्ची थोडी मागे घेतली. जुन्या यंत्रांचं ओझं कंपनी किती दिवस वाहणार, असं त्यांनी विचारलं. अडतीस शाळांपैकी फक्त अकरांकडे ती यंत्रं उरली होती. जगरहाटी आहे, जुनं जातं, नवं येतं. आणि संपूर्ण या शब्दाचं म्हणाल तर त्याचा अर्थ काळाप्रमाणे बदलतो, तो कंपनीने ठरवायचा. बाईंनी फक्त सही करत राहावं, इतकी वर्षं करत आल्या तशी.

“अर्थ तुम्ही ठरवा,” बाई म्हणाल्या. “सही माझी आहे. ती कशाखाली करायची ते मी ठरवीन.”

साहेब अजूनही हसतच होते. हसू थोडं आखडलं इतकंच.

घरी बाई आणि त्यांची नणंद अशा दोघीच असत. बाईंचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्यांच्या मागे त्यांची धाकटी बहीण, हॉस्पिटलातून मुख्य नर्स म्हणून निवृत्त झालेली, आपलं सामान घेऊन वहिनीकडे राहायला आली. चार दिवसांसाठी म्हणून आली ती कायमची राहिली. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, मध्ये एक पडदा, आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंनी चालणाऱ्या गप्पा. त्या संध्याकाळी भाजी निवडताना बाईंनी सगळं सांगितलं. वन्संनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही, आणि हे त्यांच्या स्वभावाला धरून नव्हतं.

“वहिनी, आमच्या वॉर्डात औषध द्यायचं राहिलं तर ‘दिलं नाही’ असं लिहायचो,” शेवटी त्या म्हणाल्या. “बोलणी बसायची, पण पुढच्या पाळीच्या बाईला ते औषध देता यायचं. ‘दिलं’ असं लिहून न देणारी एक होती. तिचं तोंड मी परत बघितलं नाही.”

“मी ‘दिलं’ असंच लिहिलंय, वन्सं.”

“हो. मग उद्या सकाळी जाऊन खोडून ये. आज रात्रभर जागत बसू नकोस, त्याने काही खोडलं जात नाही.”

बुधवारी सकाळी साडेनऊला बाईंनी ती पाचवी ओळ काढली. चोरून नाही, स्वतःच्या नावाने. बदलाचं कारण लिहायच्या जागी त्यांनी लिहिलं: ‘जुन्या यंत्रांचा फोल्डर वगळणारी ओळ काढली. त्रेसष्टाव्या आवृत्तीच्या दाखल्यावर मी सगळं दिल्याची सही केली होती. ते खरं नव्हतं.’ मग नवीन गाठोडं बांधलं, फाइली दोनदा मोजल्या, चारशे बारा भरल्या, सही केली आणि वेबसाइटवर ठेवलं. अडतीस शाळांना पाठवायचं पत्रही लिहिलं. त्यात कोणावर ठपका नव्हता. काय राहिलं, कोणाच्या सहीने राहिलं आणि आता काय उतरवून घ्यायचं, एवढंच होतं. पत्राची एक प्रत त्या साहेबांच्या टेबलावर ठेवून आल्या.

जेवणाच्या सुट्टीच्या आत सगळं उलटलं. पाचवी ओळ परत आली, या वेळी थेट साहेबांच्या नावाने. गाठोडं वेबसाइटवरून उतरलं. शाळांना जाणारी पत्रं आधी साहेबांच्या मंजुरीला थांबतात, असा नियम त्याच दिवशी जन्माला आला आणि बाईंचं पत्र त्याचं पहिलं गिऱ्हाईक ठरलं. दुपारी बाईंनी रेपो उघडला तर वर लिहून आलं की तुम्हाला बदल करण्याची परवानगी नाही, फक्त वाचण्याची आहे.

ते वाक्य बाईंनी दोनदा वाचलं. आणि मग, त्या दिवसात पहिल्यांदाच, त्यांना हसू आलं. साहेबांना रेपोमधलं फारसं कळत नव्हतं. गाठोडं बांधायला लिहिण्याची परवानगी लागतच नाही. ज्याला वाचता येतं त्याला बांधता येतं. वगळण्याच्या ओळीचंही तसंच. प्रत्येकाच्या संगणकावर रेपोची जी प्रत असते, तिच्यापुरती आणखी एक छोटी फाइल ठेवता येते, आणि दोन्हींत भांडण झालं तर घरातल्या फाइलीचं ऐकलं जातं. हे त्यांना चौदा वर्षांपूर्वी सबुरींनीच शिकवलं होतं. बाईंनी आपल्या प्रतीत एक ओळ लिहिली: हा फोल्डर वगळू नये. सर्वांचा रेपो जसाच्या तसा राहिला, साहेबांची ओळही तिथेच राहिली, आणि बाईंच्या टेबलावर पुन्हा चारशे बारा फाइलींचं गाठोडं तयार झालं.

आता ते द्यायचं कसं, एवढाच प्रश्न होता. दर तीन महिन्यांनी ट्रस्टची आणि शाळांची बैठक व्हायची, तीही कंपनीच्याच मोठ्या खोलीत. जवळचे लोक येऊन बसत, लांबचे पडद्यावर दिसत. पुढची बैठक शुक्रवारी होती. मधल्या दिवशी बाईंनी ठिपकेमास्तरांना फोन करून सांगितलं, की चूक माझी आहे, शुक्रवारपर्यंत थांबा. मास्तरांनी फक्त वेळ विचारून घेतली.

गुरुवारी संध्याकाळी सबुरी त्यांच्या टेबलापाशी आले. बराच वेळ पंच करण्याच्या यंत्राशी चाळा करत उभे राहिले. मग म्हणाले, हात दाखवून अवलक्षण कशाला करताय, मास्तरांना गुपचूप पाठवून द्या, त्यांचं काम होईल, कोणाला कळणारही नाही. बाई म्हणाल्या, मास्तर मोजतात म्हणून त्यांना कळलं. बाकीच्या दहांचं काय? सबुरी निघून गेले.

शुक्रवारी खोली भरलेली होती. ट्रस्टतर्फे वकीलबाई आल्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, कानाला यंत्र, आणि बोलणं असं की समोरच्याने वाक्य सुरू करण्याआधी दोनदा विचार करावा. साहेबांनी नवीन प्रिंटरची चित्रं दाखवली, वेग सांगितला, दोन शाळांनी टाळ्याही वाजवल्या. मग आणखी काही विषय आहे का, असं त्यांनी रीतीप्रमाणे विचारलं आणि रीतीप्रमाणे फाइल मिटायला घेतली.

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी वहीतले दोन आकडे वाचून दाखवले, चारशे बारा आणि तीनशे एकाहत्तर. मधल्या एक्केचाळीस फाइली कुठे गेल्या ते सांगितलं. पाचवी ओळ मोठ्या पडद्यावर दाखवली. आणि शेवटी आपली सही दाखवून म्हणाल्या, की हे खोटं माझ्या नावाने गेलं आहे, ते मला तुमच्यासमोर मागे घ्यायचं आहे.

साहेब सावरून म्हणाले की गैरसमज होतोय. तो फोल्डर कालबाह्य आहे, चालतसुद्धा नाही, न चालणारी गोष्ट शाळांच्या गळ्यात कशाला बांधायची, याच भावनेने ती ओळ घातली.

वकीलबाईंनी कानातलं यंत्र नीट केलं. “चालत नाही असं कोण म्हणतं? तो लिहिला कोणी?”

सगळ्यांच्या माना मागच्या रांगेकडे वळल्या. सबुरी भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं नाही, बाईंकडेही पाहिलं नाही.

“मी,” ते म्हणाले. “चालतो. काल बाई घरी गेल्यावर गोदामातलं यंत्र वर आणून चालवून बघितला.”

तेवढंच पुरलं. वकीलबाईंनी जुना करार बरोबर आणलेला होता. त्यांनी ‘संपूर्ण’ या शब्दावर बोट ठेवलं आणि साहेबांना विचारलं, की हा शब्द तुम्हाला दिसतोय ना, कारण या खोलीत न दिसणाऱ्या लोकांनासुद्धा तो दिसतो आहे. गाठोडं आत्ता, बैठक संपायच्या आत पाठवावं, असं त्यांनी सांगितलं. बाईंनी ते तिथल्या तिथे, अडकून पडलेल्या पत्रासकट, अडतीस शाळांना पाठवलं. बैठक रेंगाळत चालूच होती. तेवढ्यात पडद्याच्या एका कोपऱ्यातून खडखड ऐकू आली. ठिपकेमास्तरांनी गाठोडं उतरवून, मोजून, चढवूनही घेतलं होतं आणि यंत्र सुरू केलं होतं. साहेब कोणता तरी मुद्दा मांडत होते, पण त्या आवाजात तो कोणालाच नीट कळला नाही. मास्तरांनी आवाज बंद केला नाही. बाईंना वाटलं, मुद्दामच केला नाही.

पुढचा सोमवार काही सुखाचा नव्हता. साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, की यापुढे आर्काइव्ह बनवायचं काम मशीन आपोआप करेल, सहीही मशीनचीच असेल, तेव्हा आपण थोडे दिवस विश्रांती घेतली तर बरं. राजीनाम्याचा एक तयार मसुदा टेबलावर होता. बाईंनी तो वाचला आणि उलटा करून ठेवला. मी जाणार नाही, त्या म्हणाल्या. काढायचं असेल तर लेखी काढा आणि कारण लिहा. साहेबांना कारण लिहायचं नव्हतं. लिहिलेलं कारण वकीलबाईंपर्यंत पोचलं असतं. शेवटी ‘कामाच्या सोयीसाठी’ असं लिहून त्यांनी बाईंची बदली तळमजल्यावर केली, शाळांच्या तक्रारींचे फोन घ्यायला.

“चोराला खजिन्याची राखण दिली म्हणायचं,” वन्सं हे ऐकून म्हणाल्या.

“चोर मी नाही.”

“त्यांच्या हिशेबाने तूच.”

आणि खरंच, साहेबांनी ती खुर्ची शिक्षा म्हणून दिली होती, पण शाळांचा प्रत्येक शब्द आता बाईंच्या कानात येऊन पडत होता. वाचण्याची परवानगी काढून घ्यायचं कोणाला सुचलं नव्हतं. चौसष्टावी आवृत्ती आली तेव्हा मशीनने आपलं गाठोडं बांधलं आणि बाईंनी खाली बसून आपलं बांधलं. दोन्ही ताडून पाहिली. या वेळी काही वगळलेलं नव्हतं. तसं त्यांनी फोनवर विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं.

त्याच महिन्यात डोंगराकडच्या एका छोट्या शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. तक्रार नव्हती, एक चौकशी होती, नवीन प्रिंटर हप्त्याने मिळतो का. बाईंनी विचारलं, तुमचं जुनं यंत्र चालायला पाहिजे आता, पत्र मिळालं ना? मुख्याध्यापिका म्हणाल्या, की पत्र मिळालं, पण आधीचा संदेश ‘हे यंत्र ओळखत नाही’ असा आला तेव्हा आम्हाला वाटलं संपलं ते. भंगारवाल्याला दिलं. तो ते फोडून घेऊन गेला. पत्र यायच्या बरोबर नऊ दिवस आधी.

बाईंनी फोन ठेवला आणि बराच वेळ पुढचा घेतला नाही. बैठकीत बोलल्या, पत्र गेलं, यंत्रं सुरू झाली, एवढ्यावर आपलं खोटं फिटलं असं त्यांना वाटत होतं. ते फिटलं नव्हतं. त्या शाळेत एकवीस मुलं होती आणि आता तिथल्या शिक्षिका त्यांना एकेक पाठ मोठ्याने वाचून दाखवत होत्या. त्यांनी मुख्याध्यापिकांना स्वतःच्या हाताने पत्र लिहिलं. त्यात शेवटी लिहिलं, की यंत्राचं बघते. कसं बघणार ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

संधी साहेबच घेऊन आले. पासष्टाव्या आवृत्तीच्या वेळी ट्रस्टने कळवलं, की मशीनची सही आम्हाला चालणार नाही. मशीनला जाब विचारता येत नाही. दाखल्यावर माणसाची सही पाहिजे, आणि शाळांनी एकमताने कोणाची मागितली ते वेगळं सांगायला नको. एका दुपारी साहेब तळमजल्यावर उतरले. बाई फोनवर होत्या. त्यांनी हाताने थांबा अशी खूण केली आणि बोलणं सावकाश पुरं केलं.

साहेब म्हणाले की झालं गेलं विसरून आपण पुढे जाऊ या. वर आपलं टेबल तसंच ठेवलं आहे. आज सही झाली तर आजच आवृत्ती बाहेर पडेल.

“गाठोडं मी बांधणार, मी मोजणार,” बाई म्हणाल्या. “आणि काही वगळलं असेल तर ते दाखल्यावर मोठ्या अक्षरात लिहिणार.”

साहेबांनी बरं म्हटलं.

“आणि डोंगरातल्या शाळेला यंत्र द्या. गोदामात दोन जुनी पडली आहेत. त्यातलं एक.”

साहेब म्हणाले, बघू.

“बघू नका. द्या. ते तिथे पोचून त्यातून एक पान छापून निघालं की मी सही करते.”

साहेबांनी घड्याळात पाहिलं, छताकडे पाहिलं. ट्रस्टची मुदत सोमवारी संपत होती आणि तो दिवस गुरुवार होता. वर जाऊन त्यांनी गोदामाची किल्ली पाठवून दिली.

यंत्र जड होतं. बसवायला माहितगार माणूस लागणार होता आणि त्या जातीचं यंत्र माहीत असलेला ऑफिसात एकच माणूस होता. बाई त्यांना विचारायला वर निघाल्या, तर सबुरी जिन्यातच भेटले. हातात पेचकसांची पिशवी, खांद्याला प्रवासाची बॅग. त्यांनी रजेचा अर्ज आधीच दिला होता. कोणी पाठवलं असं साहेबांना वाटू नये, म्हणून रजा, असं ते म्हणाले. बाईंनी त्यांना डब्यातली भाजी-पोळी बांधून दिली. त्या पाचव्या ओळीबद्दल दोघं पुढेही कधी बोलले नाहीत.

टेम्पो शुक्रवारी निघाला. शनिवारी घाटात तो एकदा बंद पडला, असा सबुरींचा निरोप आला. रविवारी काहीच कळलं नाही. सोमवारी सकाळपासून साहेब दर अर्ध्या तासाने कोणाला तरी खाली पाठवत होते. बाई प्रत्येकाला सांगत, अजून नाही. अकरा वाजले, बारा वाजले. गाठोडं बांधून तयार होतं, चारशे एकोणीस फाइली, दोनदा मोजलेल्या.

साडेबाराला फोन वाजला. पलीकडे मुख्याध्यापिका होत्या, मागे खडखड चालली होती आणि त्या खडखडीच्या वर मुलांचा गलका. पान निघालं, त्या म्हणाल्या. थोडं वाकडं निघालंय, तुमच्या ऑफिसातून आलेले गृहस्थ म्हणतात दुसरं सरळ येईल. पण एका मुलीने ते त्यांच्या हातातून ओढून घेतलंय आणि आता ती कोणालाच द्यायला तयार नाही.

“राहू द्या तिच्याकडे,” बाई म्हणाल्या. “दुसरं काढा.”

मग त्यांनी सही केली.